भर उन्हाळ्यात ओला कोपरा

"नील, तिकडे नको! अरे, थांब!"

पण नील थांबला तर ना! हातात चुन्याचा डबा घेऊन त्याने कोपऱ्यात उडी मारली आणि त्याची चप्पल पचकन चिखलात रुतली.

"ताई, माझी चप्पल गेली!" एका पायावर नाचत तो ओरडला.

ज्ञानदाने कपाळाला हात लावला. सातवीची परीक्षा संपल्यापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, मागच्या अंगणात विटांचा उंच वाफा! अंगणातली जमीन एवढी कडक, की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. म्हणून जमिनीच्या वर विटा रचायच्या, त्यात माती, शेणखत आणि कुजलेला पाला भरायचा आणि भेंडी, बरबट्टी म्हणजे चवळीच्या शेंगा, आणि लाल भाजी लावायची. आज ती, धाकटा भाऊ नील आणि शेजारच्या भार्गवकाकांची सोनिया मिळून वाफ्याची रेघ आखत होती. बाकी अंगण जांभळाच्या सावलीत. पोटभर ऊन मिळेल अशी जागा एकच होती, भार्गवकाकांच्या भिंतीजवळची.

"एक मिनट," सोनिया वाकून म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती हिंदीच. "मई का महीना है। पूरा रायपुर तप रहा है। यहाँ कीचड़ कैसे?"

खरंच की! सगळं अंगण भाजलेल्या खापरासारखं तडकलेलं, आणि या एका कोपऱ्यात मात्र हिरव्यागार दूर्वा तरारलेल्या!

"कसा म्हणजे?" मागून बाबांचा आवाज आला. "भार्गवच्या बाथरूमचा पाइप फुटून राहिला! केव्हाचा सांगून राहिलो मी त्याले!"

तात्यापारा मोहल्ल्यातली ही दोन घरं अगदी खेटून उभी. भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं, "शेखर, मी प्लंबर आणून दाखवला ना तुले? माझा पाइप खडखडीत आहे! तुझ्याच घरचं पाणी माझी भिंत फुगवून राहिलं!"

"माझ्या घरचं? माझ्या घरी थेंब वाया जात नाही!"

  उन्हाळा लागल्यापासून हे असंच चाललं होतं. आधी रोज संध्याकाळी एकत्र चहा पिणारे हे दोघं आता समोर आले तरी मान वळवत.

"बस झालं!" बाबा म्हणाले. "नरहरी मिस्त्रीले बोलावतो. उद्या उन्हं उतरली का येईल, अन् इथून तिथवर सिमेंट ओतून टाकील. मग येऊ दे किती पाणी येते ते!"

"अन् माझा वाफा?" ज्ञानदा किंचाळलीच.

"गच्चीवर कुंड्या ठेव."

"गच्चीवर तर पापड भाजून निघतो, बाबा! भाजीचं काय होईल?" ती त्यांच्या वाटेत उभी राहिली. "आम्ही शोधून काढलं तर? पाणी कुठून येते ते?"

बाबांना हसू आलं. "शोधा! मिस्त्री यायच्या आत सापडलं, तर सिमेंट रद्द."

"पक्कं?"

"हव, पक्कं!"

बाबा आत जाताच तिघांची डोकी एकत्र आली. आधी त्यांनी ओल्या कोपऱ्यात हातभर खोल खड्डा खणला. बघता बघता तळाशी पाणी साठलं.

"या पाण्यात रंग यायला पाहिजे," ज्ञानदा म्हणाली. "सोनियाच्या बाथरूममध्ये रंग टाकायचा. पाणी तिथलं असेल, तर इथे रंगीत होऊन येईल."

"होळीचा जांभळा रंग उरला आहे माझ्याकडे!" नील उड्या मारू लागला.

"वा रे हुशार! जिथे भाजी लावायची तिथे तो रंग? खाशील मग जांभळी भेंडी!"

"जलेबी वाला रंग!" सोनियाने चुटकी वाजवली. "खाने का होता है। मम्मी के पास रखा है।"

संध्याकाळी सोनियाने बादलीभर केशरी पाणी आपल्या बाथरूममध्ये ओतलं आणि वर चार बादल्या साधं पाणी. रात्री गच्चीवर झोपताना ज्ञानदा चांदण्यांकडे बघत मनातल्या मनात म्हणत होती, पाणी केशरीच निघू दे. मग बाबा खरे ठरतील, आणि वाफाही होईल. पण लगेच तिला सोनियाचा चेहरा आठवला आणि तिने कूस बदलली.

सकाळी तिघंही खड्ड्याकडे धावली. खड्ड्यात केशरी पाणी नव्हतं. साधंही नव्हतं! तळाशी नुसती ओलसर माती.

"हे काय? पाणी पळालं!" ज्ञानदा चक्रावली.

तासाभराने पाहिलं, तरी तेच. सोनियाकडे सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, धुणं झालं. ज्ञानदाकडे भांडी घासून झाली. खड्डा कोरडाच!

नील खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून होता. एकदम म्हणाला, "ताई, दोन्ही घरचं पाणी धो धो वाहून राहिलं, तरी इथे काहीच नाही. म्हणजे हे आंघोळीचं पाणी नाहीच. दुसरंच काही आहे. सकाळी बंद असते असं काहीतरी!"

"अरे वा, पोट्ट्या!" ज्ञानदाने त्याच्या पाठीत धपका घातला.

मग ती तिघं जांभळाखाली पहारा देत बसली. जेवणंही तिथेच उरकली. दुपार चढली, आत बाबांनी कूलर लावला, घर्र्र आवाज सुरू झाला. नील पेंगू लागला. सोनियाने सहज खड्ड्यात डोकावलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"ज्ञानदा… पानी आ गया!"

ज्ञानदाने खड्ड्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर बसवलेल्या कूलरकडे. घर्र्र! 

तो कूलर म्हणजे बाबांचा जीव की प्राण! कूलर लावताना तोटी उघडली, की गच्चीच्या टाकीतून त्यात आपोआप पाणी यायचं, आणि जास्तीचं झालंच तर एका नळीतून जुन्या मोरीच्या पाइपात जायचं. ही सगळी जोडणी बाबांनी स्वतः केली होती. घरी पाहुणा आला, की बाबा आधी कूलर दाखवत आणि मग पाणी विचारत.

सोनियालाही कळलं होतं. "रहने दे यार," ती हळूच म्हणाली. "अंकल को बुरा लगेगा।"

तिच्या पपांना उन्हाळाभर खोटं ठरवलं गेलं होतं, तरी ती असं म्हणत होती! ज्ञानदाला लाज वाटली. ती ताडकन उठली. "नाही. जे आहे ते आहे. उरलेला रंग आण!"

चालू कूलरला हात लावायचा नाही हे तिला ठाऊक होतं. ती सरळ आईकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. पद्मिनीताईंनी घोरणाऱ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं, ओठ घट्ट मिटून हसू दाबलं आणि भिंतीवरचं बटण बंद करून वर प्लगही काढला.

"लवकर टाका," त्या कुजबुजल्या. "अन् ओरडा मात्र तुम्ही खायचा, मी नाही!"

केशरी पाण्याचा तांब्या कूलरच्या टाकीत रिकामा झाला. तिघं दूर सरताच कूलर पुन्हा घरघरू लागला. आता तिघं खड्ड्याभोवती पालथी पडली. जांभळाचं पान हलत नव्हतं. उन्हं उतरू लागली, तरी खड्ड्यातलं पाणी आपलं तसंच, मातकट.

"नाही येत," नील पुटपुटला.

"थांब ना!"

आणि मग भिंतीच्या बाजूने एक बारीकशी केशरी रेघ पाण्यात उतरली. ती फिरली, पसरली, आणि सगळा खड्डा जिलेबीच्या पाकासारखा झाला!

"आलं! आलं! आलं!"

त्याच क्षणी घरातून आरोळी आली, "पद्मिनी! अगं, हे काय झालं?"

दार धाडकन उघडून बाबा अंगणात आले. त्यांना बघून नीलने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. कूलरच्या वाऱ्याबरोबर उडालेल्या तुषारांनी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बनियानवर केशरी ठिपकेच ठिपके पडले होते! गालावर ठिपके, टकलावरही ठिपके!

"साहब, सीमेंट कहाँ डालना है?" फाटकातून नरहरी मिस्त्री सायकल ढकलत आत आला आणि साहेबांचा अवतार बघून जागीच थांबला. गोंधळ ऐकून भिंतीवर भार्गवकाकांचं डोकंही उगवलं.

"बाबा," ज्ञानदा पुढे झाली, "रंग आम्ही कूलरमध्ये टाकला. अन् तो इथे निघाला."

बाबांनी खड्डा पाहिला. कूलर पाहिला. मग आपल्या बनियानकडे पाहिलं.  मग ते कूलरपाशी गेले, बटण बंद करवलं, बाजूची वाळ्याची ताटी काढली आणि आत वाकले.

"टाकीतला तरंगता बॉल अडकून राहिला," ते हळूच म्हणाले. "पाणी थांबतच नाही. अन् मोरीचा पाइप भिंतीखाली फुटला असेल. मी वरून जोडून दिला, खाली कधी पाहिलंच नाही." त्यांनी मान वर केली. "भार्गव, पाणी माझंच आहे गड्या. मी उगाच तुले बोललो. तुझी भिंतही मीच नीट करून देतो."

भार्गवकाका क्षणभर गंभीर राहिले. मग त्यांना राहवेना. "शेखर, तुले या अवतारात पाहिलं, माझं सगळं वसूल झालं!" ते खदाखदा हसू लागले, आणि बाबाही!

"आपण दोघं शिकले-सवरलेले," हसू आवरत काका म्हणाले, "उन्हाळाभर भिंतीवरून ओरडत राहिलो. अन् या पोरांनी न भांडता शोधून काढलं! शाबास रे पोट्ट्यांनो!"

"हा नीलच म्हणाला, की सकाळी बंद असते असं काहीतरी आहे!" ज्ञानदा म्हणाली.

"और जलेबी वाले रंग का आइडिया मेरा!" सोनियाने हात वर केला.

बाबांनी ज्ञानदाच्या डोक्यावर हात ठेवला. "अन् आपल्याच घरचा कूलर निघाला, तरी लपवलं नाही तू. हे मले जास्त आवडलं."

नरहरी मिस्त्रीने पुन्हा विचारलं, "तो साहब, कहाँ डालूँ?"

"सिमेंट रद्द! आधी तो पाइप बंद करा, मग विटा रचायच्या आहेत," बाबा म्हणाले. "अन् मले नका विचारू. या बाईसाहेबांना विचारा."

मिस्त्री ज्ञानदाकडे वळला. तिने खोल श्वास घेतला. "भैया, दीवार से थोड़ा दूर. दोन्हीकडून हात पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवायचा नाही." मग तिने नीलला ओढून जमिनीवर आडवं केलं. "याचा हात सगळ्यात लहान. इकडून याचा हात जिथवर जाईल, तो वाफ्याचा मध्य!"

नीलने जीव खाऊन हात ताणला. "इथवर! नाही, इथवर! अजून थोडं!"

सोनिया पलीकडे बसून त्याच्या बोटांना बोटं भिडवत होती. मिस्त्रीने दोरी ताणली, आणि भार्गवकाका बाह्या सरसावत फाटकातून आत आले. "शेखर, विटा कुठे ठेवल्या तू? चल, आणू दोघं!"