शब्दामागचा हात

भोंगे बंद होऊन आठवडा झाला होता, तरी ओशोग्बोच्या मळ्यातले मजूर अजून ओरडूनच बोलत. सहा वर्षं दिवसभर डोक्यावर एकाच म्हातारीचा आवाज असायचा. त्याच्या वरताण बोलायची सवय एवढ्यात कशी सुटणार?

तो आवाज इया आयिन्केचा. नायजेरियातल्या योरुबा भाषेत 'इया' म्हणजे आई. वडीलधाऱ्या बाईलाही तशीच हाक मारतात. आयिन्के झाडपाल्याची औषधं द्यायची. पान खुडण्याआधी ती वाकून त्याचं नाव घ्यायची, कुणासाठी काय काम करायचं ते त्याला सांगायची आणि मगच खुडायची. योरुबा लोक मानतात की विधात्याने माणसात, दगडात, नदीत, पानात एक शक्ती ठेवली आहे. जे नाही ते घडवून आणणारी. तिला ते 'अशे' म्हणतात. ती शब्दातही असते. म्हणून प्रार्थना संपली की सगळे मिळून 'अशे' म्हणतात, साधारण आपल्या 'तथास्तु'सारखं.

मृणाल खानोलकर ही वनस्पतिशास्त्रज्ञ रत्नागिरीहून तिथे गेली, कारण त्या भागातल्या एका तापावर फक्त आयिन्केच्या पानाचा गुण येत होता. तेच झुडूप, तेच पान. इतरांनी खुडलं तर गुण नाही. मृणालने कारण शोधून काढलं. त्या पानावर बारीक लव असते आणि ती आवाजाने थरथरते. शब्द आला की पाठोपाठ बोटं येतात आणि पान तुटतं, हे झुडूप अनुभवाने शिकलं होतं. म्हणून शब्द ऐकताच, जखम व्हायच्या आधीच, ते स्वतःला जपण्यासाठी पानात एक कडू रस सोडी. मृणालने त्याला 'पूर्वरस' म्हटलं. औषध होतं ते त्या रसात.

"इया, तुझा आवाज भरून घेतला आणि मळाभर ऐकवला तर?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"अख्ख्या मळ्यात मी?" आयिन्के पोट धरून हसली होती. "माझ्या नवऱ्याला माझं एका खोलीतलं बोलणं सोसत नव्हतं!"

"पण जे पान खुडायचं त्याच्याशीच बोलायचं, असं तू सांगितलं होतंस."

"ते माझ्या आईचं म्हणणं. तिचे गुडघे शेवटपर्यंत धड होते. माझे बघ. रानात जाववत नाही आता. लाव तुझे भोंगे, पोरी."

दोघींनाही ते पटलं. पहिल्या वर्षी रस दुप्पट आला. मग तो कमी होत गेला. मृणालने आवाज वाढवला, वेळ वाढवला, मळ्याच्या वस्तीतही भोंगे लावले. या वर्षी रस आलाच नाही आणि तापाची साथ तर शेजारच्या गावापर्यंत येऊन ठेपली होती.

आता दोघी वस्तीतल्या आयिन्केच्या अंगणात, तिथल्या जुन्या झुडपापाशी होत्या. आयिन्के कशीबशी वाकली. पानाच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलली आणि तिने पान खुडलं. मृणालने देठावर रस तपासायच्या द्रावाचा थेंब टाकला. रस असता तर थेंब जांभळा झाला असता. तो पाण्यासारखाच राहिला.

"मोठ्याने बोलू?"

"नको, इया. त्याला ऐकू जातंय."

"मग रुसलंय का माझ्यावर?"

"आमच्याकडे लाजाळू म्हणून झाड असतं. बोट लावलं की ते पानं मिटून घेतं. पण त्याच्यावर थेंब थेंब पाणी पाडत राहिलं आणि त्यातून काही इजा झाली नाही, तर थोड्या वेळाने ते मिटायचं सोडून देतं. कशाला उगाच दमायचं? तुझा आवाज दिवसभर येत राहिला, मागे हात मात्र कधी आला नाही. कापणी यंत्राने व्हायची, एकदाच, न बोलता. या आवाजाने काही होत नाही, हे झाडाला मीच शिकवलं."

आयिन्के तोडलेलं पान बोटांत फिरवत राहिली. "आपण दोघींनी," ती म्हणाली.

जरा वेळाने तिने विचारलं, "नवी रोपं शिकतील?"

"शिकतील. आवाज नवा हवा. आणि दर वेळी खुडायला हवं. काही वर्षं लागतील."

"तोवर मी नाही. या साथीला तर काहीच नाही." आयिन्केने डोळे पुसले. "पण शादे आहे. तिचा आवाज झाडांनी कुठे ऐकलाय? आजपासूनच शिकवते तिला."

शादे तिची पणती. भोंगे लागले त्याच वर्षी मळ्याच्या वस्तीत जन्मलेली. अंगणाच्या टोकाला ती मातीत खळगे करून चिंचोक्यांनी खेळत होती.

"शादे!" आयिन्केने हाक मारली.

पोरीने एक चिंचोका उचलला, दुसऱ्या खळग्यात टाकला.

"शादे, माझ्या राणी, इकडे ये!"

मान वळली नाही. तेवढ्यात रस्त्यावरून कुणी अनोळखी बाई भाजी विकत ओरडली, तेव्हा मात्र शादेने चटकन तिकडे पाहिलं आणि पुन्हा खेळात डोकं घातलं.

"मृणाल, ती बहिरी नाही ना?"

"नाही, इया," मृणाल हळू आवाजात म्हणाली.

आयिन्के गुडघ्यांवर हात रेटत उठली. अंगण ओलांडून गेली. पणतीच्या डोक्यावर हात ठेवून तिने पुन्हा तिचं नाव घेतलं.

शादे दचकली. तिने वर पाहिलं, पण पणजीच्या तोंडाकडे नाही. भिंतीपलीकडच्या खांबावरच्या भोंग्याकडे.

"हा परत सुरू झाला?" तिने विचारलं.