गार इंजिन, सदतीस डिग्री

ही गोष्ट खरी आहे. तुम्हाला पटली नाही तरी चालेल, पण हसू नका. माझ्या मावशीचे यजमान, वर्धमानकाका, यांच्यासोबत ती घडली.

डिसेंबर २००७. कोल्हापूरचं उद्यमनगर. सोमवार, सकाळचे नऊ. उद्यमनगरची आठवड्याची सुट्टी, म्हणून लेथचे सगळे कारखाने बंद. काकांचं गॅरेज तेवढं उघडं होतं.

गल्लीत स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाड वाचणारं मशीन, आणणारे काका पहिले. त्याचा त्यांना भारी तोरा. दुसरा मेकॅनिक कान लावून इंजिन ऐकायला लागला की हे हसायचे.

जयसिंगपूरचा आकाराम नावाचा माणूस आदल्या दिवशीच गाडी लावून गेला होता आणि आता परत येऊन समोर उभा होता. सकाळी सुरू केली की ती झटके खायची, बंद पडायची. तीन गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते.

"पावणं, मशीन खोटं बोलत न्हाय," म्हणत काकांनी स्कॅनर जोडला.

इंजिन रात्रभर गारठलेलं. तरी तापमानाचा सेन्सर सांगत होता... सदतीस डिग्री.

काका खूश झाले. इंजिन गार असताना सेन्सर गरम सांगत असेल, तर पेट्रोल कमी पडतं आणि गाडी अडखळते. चोर सापडला होता.

खात्री करायची त्यांची एक पद्धत होती. संशय असलेला पार्ट चांगल्या गाडीत टाकायचा. दोष सोबत गेला, तर पार्टच खराब.

मागं त्यांची स्वतःची व्हॅन उभी होती. तिचा सेन्सर काढून आकारामच्या गाडीला बसवला. गाडी एका चावीत सुरू झाली, एक झटका नाही. मग आकारामचा सेन्सर व्हॅनला लावला, स्कॅनर तिला जोडला आणि नुसती चावी फिरवली.

सदतीस.

"बघा! दोष इकडं आला."

"आला न्हवं? नक्की?" आकारामनं दोनदा विचारलं.

दुकानं बंद, म्हणून काकांनी व्हॅनचा सेन्सर त्यालाच देऊन टाकला. जुना पार्ट प्रत्येक गिऱ्हाईक मागून घेतं. हा म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच," आणि मागं न बघता निघून गेला.

काकांनी खराब सेन्सर काढून फेकला. वायर मोकळी लोंबत होती. अशा वेळी स्कॅनरवर उणे चाळीस येतं. नेहमी येतं.

आलं... सदतीस. जिवंत माणसाच्या अंगाएवढं.

गल्लीत एवढी शांतता, की स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

आणि अजून एक... बॉनेटच्या आतून.

तेवढ्यात त्यांची मुलगी रुचिता डबा घेऊन आली. सवयीनं व्हॅनच्या स्टिअरिंगला जाऊन बसली, दार ओढून घेतलं.

स्कॅनरवर... छत्तीस.

पस्तीस...

"पप्पा, लई गार वाजायलंय."

काकांनी दार ओढलं. लॉक नव्हतं, तरी उघडेना.

बत्तीस.

पोरीचे ओठ निळे पडले होते. शेवटी काकांनी पान्यानं काच फोडली आणि तिला खिडकीतून बाहेर ओढलं.

स्कॅनरवर परत... सदतीस.

संध्याकाळी त्यांनी आकारामला फोन लावला. तोंडाला येईल ते बोलणार होते. काय झालं, हे त्यानं विचारलंच नाही.

"आमची पोर आज लई दिसांनी जेवली, अण्णा," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्या माणसाचा मला अजून संताप येतो.

व्हॅन तेव्हापासून ताडपत्रीखाली आहे. पाच महिने झाले, आता मे महिना चालू आहे आणि रुचिता स्वेटर घालून बसते. डॉक्टर म्हणतात, सगळे रिपोर्ट नॉर्मल. पोर मात्र रोज थोडी थोडी वाळत चालली आहे.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. आवाज फार प्रेमळ होता.

"बाळासो, तुझी गाडी घिऊन ये की एकदा. मशीनला लावून बघूया. दोनच मिनिटं."

माझ्या गाडीला काहीही झालेलं नाही.

तिच्यात माझ्या शेजारी माझा चार वर्षांचा मुलगा बसतो. काकांना ते माहीत आहे.

काल मावशीचाही फोन आला. गाडी घेऊनच ये, म्हणाली.