सातवी काच

दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेला दहा खांब आणि दहा कंदील होते. संध्याकाळी ते हातगाडीतून नेऊन लावायचे, सकाळी उतरवून घरी आणायचे काम दिराचे; मग काचा पुसायचे तिचे. आधी राख, मग ओला फडका, मग कोरडा. तिच्या या नेमात कधी खाडा पडला नव्हता. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या सकाळीही तिने काचा पुसल्या होत्या.

तेव्हा कंदील लावायची नोकरी नवऱ्याची होती. त्या दिवशी तो पलीकडच्या गावी गेला, म्हणून बदलीवर धाकटा भाऊ. सातव्या खांबापाशी वाट वळते. परतताना नवरा तिथे सरळ चिखलात गेला.

"दहाही लावले होते, देवाशपथ," दीर म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. नोकरी त्यालाच मिळाली.

पण त्या सकाळी तिच्यासमोरच्या नऊ काचा काजळलेल्या होत्या. सातवी लख्ख.

ती कोणाला काही बोलली नाही. रोज सातवी काच पुसताना देवाकडे एकच मागणे मागत राहिली.

वर्ष भरत आले तसा दलदलीवर उजेड दिसू लागला. निळसर, माणसाने हातात धरावा तेवढ्या उंचीवर. त्याला चकवा म्हणायचे नाही, नाव घेतले की वळून बघतो, असे जुनी माणसे सांगत. म्हणायचे, पाहुणा आलाय.

"वहिनी, पाहुणा रोज सातव्याच्या डावीकडे उभा असतो," एका संध्याकाळी दीर म्हणाला. "मी तिथं पोचायच्या आधीच."

"बरंय की भावोजी. तुमची एक काडी वाचली."

"थट्टा नका करू. काल तो जरा लंगडत हलला. दादासारखा."

तिने दहावा कंदील हातगाडीत ठेवला. "मग पाहुणा कसला? घरचाच माणूस."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला... माहीत होतं?"

"अंधारून येतंय, भावोजी. निघा."

ती दारात उभी राहिली. पहिला लागला. दुसरा. सावकाश, सहावाही.

मग सातवा. जरा डावीकडे.

आठवा लागलाच नाही.

सकाळी नावाड्याने हातगाडी आणून दिली. खांबांवरचे सहा कंदीलही काढून आणले होते. उरलेले चार गाडीतच होते, न लावलेले. दीर सापडला नव्हता.

ती राख घेऊन बसली. सहा काचा काजळलेल्या. आठवी, नववी, दहावी स्वच्छ.

सातव्या कंदिलात तेल काठोकाठ होते. वात कोरी, पांढरी. काच मात्र आतून काळीकुट्ट, वर्षभर जळत असावी तशी.

तिने ती पुसायला उचलली आणि चटकन खाली ठेवली.

काच अजून गरम होती.