अनंताची टॉर्च

बसा, सांगतो. भरदुपारची गोष्ट आहे. माझं दुरुस्तीचं दुकान उल्हासनगरात, गल्लीच्या इतकं आत की दुपारीही दिवा लावावा लागतो.

कौसाबाई बदलापूरकडून आली होती, नवऱ्याची टॉर्च घेऊन. अनंता तीन दिवसांपूर्वी बंधाऱ्याखाली खेकडे धरायला गेला, तो परतलाच नव्हता. दीर धर्मराज रोज नदीत बुड्या मारून शोधत होता. आदल्या दिवशी त्याच्या हाताला तळाशी ही टॉर्च लागली. गढूळ पाण्यात हिचाच झोत पोचतो, तेव्हा हिच्यात पाणी शिरणार नाही असं करून द्या, एवढंच तिचं म्हणणं. तीन दिवस झाले, बाई, आता कसला शोध, असं ओठांवर आलं होतं. तिच्या तोंडाकडे बघून गिळलं.

टॉर्च उघडली तसा नदीच्या चिखलाचा वास दुकानभर झाला. आतून वाळवली, नवी रबरी रिंग बसवली, आट्यांना ग्रीस लावलं, नवे सेल घातले. मग पेटवून पाण्याच्या बरणीत बुडवली. आमची परीक्षा हीच. बुडबुडे आले म्हणजे कुठेतरी फट आहे. पाच-सहा येतात, आतली हवा संपते, थांबतात.

हे थांबेनात. चार-पाच वर यायचे, मग काही नाही, मग पुन्हा चार-पाच. छतावर पाण्यातला उजेड हलत होता. शेजारच्या शिलाई मशीनचा आवाज हळूहळू लांब गेला. किती वेळ बघत बसलो कोण जाणे. भानावर आलो तेव्हा माझा श्वास त्या बुडबुड्यांच्या चालीने चालला होता...

एवढीशी टॉर्च, तिच्यात हवा मावणार किती? हे माझ्या मनात तेव्हाच आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण तीस वर्षांचा कारागीर मी, एका टॉर्चने माझी फजिती करावी? डोकंच फिरलं. बाहेर काढून पुसली, प्रत्येक सांध्यात एपॉक्सीचा गोंद भरला, हीटरपुढे धरून कडक केला. परत बुडवली. एकही बुडबुडा नाही. बाहेर बाकड्यावर बसलेल्या कौसाबाईला बोलावून मी ऐटीत दाखवलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धर्मराजचा होता. ऐकून तिने फोन खाली घेतला.

“गावले,” ती हळूच म्हणाली. “पान्याखाली, कपारीत... धर्मराजनं हात धरला तवा बोटं हलली, म्हनतो. वर आनेपर्यंत...”

“कधी?” मी विचारलं.

“आत्ताच, दादा. धा मिन्टं झाली.”

ती तशीच गेली. टॉर्च राहिली. शेवटचा सांधा मी बुजवला, त्यालाही दहाच मिनिटं झाली होती. बरणीतून ती उचलली, तर काचेला आतून वाफ धरली होती. बघता बघता विरली. मग पुन्हा धरली.

याला दोन महिने झाले. सेल कधीच संपले. एपॉक्सी भरलेली टॉर्च फोडल्याशिवाय उघडत नाही, आणि फोडली तर आतला अनंता सुटेल की संपेल, हे मला कोण सांगणार? कौसाबाईला तोंड दाखवायची लाज वाटते. रोज सकाळी शटर उघडलं की आधी ती काच बघतो.

हल्ली वाफ धरायला फार वेळ लागतो.