खोडलेल्या ओळी

रुचिका आणि मी भेटलो ते माझ्या गचाळ अक्षरामुळे आणि वर्ध्यातल्या पावसामुळे. यात जास्त श्रेय कोणाचं, यावर आमचं पुढे बरेच शनिवार भांडण झालं.

मी शाळेत मराठी शिकवते, आणि वह्या तपासून वेळ उरला तर गोष्टी लिहिते. नऊ वर्षांपूर्वी ‘धामकाठची टोळी’ नावाचं पुस्तक लिहून झालं. बारावीतली झेलम, तिची मैत्रीण मंजिरी, आणखी तिघं, आणि चोरांचा पाठलाग. ते दीडशे पानांचं बाड छातीशी धरून मी ऑगस्टमधल्या एका शनिवारी टायपिंगला निघाले, तर नेहमीचं दुकान बंद! त्यात सर आली... आडवी, छत्रीला न जुमानणारी. बस स्टँडमागे जे पहिलं दार उघडं दिसलं त्यात मी शिरले.

आत कॉम्प्युटरपुढे एक मुलगी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, आधी कागदांकडे पाहिलं.

“अवं मॅडम, पानं भिजून राह्यली ना! आना इकडे.”

तिने पंखा लावला आणि पानं टेबलावर पसरली. एकावर स्टेपलर ठेवला, एकावर डबा, एकावर मोबाइल. पानं उरलीच, तेव्हा तिने हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि पानांवर ठेवल्या. मी तिच्या रिकाम्या मनगटाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. ती मात्र वाकून वाचत होती.

“हे ओळ काऊन काटली?”

मी पाहिलं. पुलावरचा प्रसंग होता. ‘मंजिरीने हात धरला आणि झेलम खाली बघायचं विसरली.’ त्यावर मीच रेघ ओढली होती.

“चोर पळतोय आणि मध्येच हे कुठं? गोष्ट रेंगाळते,” मी म्हणाले.

“चोर जाते कुठं पळून? पुढच्या पानावर सापडतेच.” मग ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली. “हात मात्र एकदाच हाती येते, मॅडम.”

रुचिका अल्लीपूरची. घरी शेती, आणि इथे कैलासमामांचं हे टायपिंग सेंटर ती सांभाळायची, त्यांच्याच घरी राहायची. माझं अक्षर वाचणारी जगातली दुसरी व्यक्ती. पहिली मी, आणि माझाही भरवसा नाही.

पहिलं पुस्तक चाललं, प्रकाशक पुंडलिकरावांनी दुसरं मागितलं, मग तिसरं. सकाळची शाळा सुटली की शनिवारी मी बाड घेऊन सेंटरवर जायची. ती टाइप करायची, मी शेजारी स्टुलावर बसून प्रूफं बघायची. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री-पोहे. मला तर्रीने ठसका लागायचा, आणि ती पाण्याचा ग्लास आधीच हातात धरून बसलेली असायची.

“वर्ध्याची असून तुले तर्री सोसत नाई?”

“मी कापडवाल्यांची मुलगी. आमच्याकडे तिखटसुद्धा मोजून घालतात.”

‘मॅडम’ची मी ‘लेखिकाबाई’ झाले, आणि रागावली की नुसती ‘हर्षा’. मी तिला मुद्दाम रागावायला लावायची.

आणि खोडलेल्या ओळी? त्या वाढत चालल्या होत्या. खरं सांगायचं तर दुसऱ्या पुस्तकापासून मी त्या खोडण्यासाठीच लिहू लागले. एकच रेघ, पट्टी लावून, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. एकदा लिहिलं, ‘मंजिरीला पिवळा रंग इतका शोभतो हे तिला कोणी सांगत का नाही?’ आणि खोडलं. पुढच्या शनिवारी रुचिका पिवळा कुर्ता घालून बसली होती. त्या दिवशी मी प्रूफात एवढ्या चुका सोडल्या की पुंडलिकरावांनी फोन करून तब्येत विचारली.

तिचीही उत्तर द्यायची एक रीत होती. जिथे खोडलेली ओळ असायची, तिथे ती प्रूफात बरोबर एका ओळीची जागा कोरी सोडायची. मी समासात लिहायची, ‘जोडून घ्या.’ ती जोडून घ्यायची. सहा पुस्तकं आमचं हे चाललं होतं. याला काय म्हणतात ते मला कळत नव्हतं का? कळत होतं. खोटं कशाला बोलू.

सहावं पुस्तक छापून आलं त्या जानेवारीत आम्ही बसने पवनारला गेलो. धाम नदीच्या पात्रातल्या खडकावर बसून संत्री सोलत होतो. रुचिका साली सोलायची, मी आयत्या फोडी खायची.

“घरी पाह्यले येऊन राह्यले,” ती पाण्याकडे बघत म्हणाली. “दोन झाले. तिसरा संक्रांतीनंतर येते.”

माझ्या हातातली फोड हातातच राहिली.

“तू काय सांगणार?”

“तेच तं. काय सांगू?” तिने साल नदीत टाकली. “हर्षा, एक गोष्ट मागू? सातवं शेवटचं हाय म्हनते ना तू. त्यात एक ओळ काटू नको. झेलमले बोलू दे.”

“आणि मग?”

“मग मले बोलता येईन. आता माह्यापाशी काय हाय? काटलेल्या ओळी. त्या घेऊन मी आईसमोर कशी उभी राहू? छापलेलं एक पान पाह्यजे मले. तू माह्यासंगं हायस, एवढंच कळलं पाह्यजे. बाकी भांडण मी भांडीन.”

मी तिचा ओला, संत्र्याच्या वासाचा हात धरला आणि म्हणाले, “लिहीन.” परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, किंवा झोपल्याचं सोंग केलं.

आणि मी लिहिलं! शेवटच्या पानावर, शेवटची ओळ. लिहून झाल्यावर दोन दिवस मी हवेत होते. मग पुंडलिकरावांचा फोन आला, की शाळांच्या ग्रंथालयांनी पुस्तक आधीच सांगून ठेवलंय. झालं. मला मुख्याध्यापिका दिसल्या, पालकसभा दिसली, आणि बाबांच्या दुकानापुढे ‘सदाशिवराव, हे तुमच्या हर्षाने लिहिलं का हो?’ असं विचारणारी गिऱ्हाइकं दिसली. कोणी काही म्हटलं नव्हतं. कोणाला माहीतसुद्धा नव्हतं. मी आपलं मनातल्या मनात सगळ्यांना घाबरून घेतलं. मग काळं स्केचपेन घेऊन ती ओळ खोडली. या वेळी पट्टी नाही. इतकी गिरवली की कागद फाटला.

शनिवारी रुचिकाने ते पान उचललं. आधी डोळ्यांजवळ नेलं, मग ट्यूबलाइटसमोर धरलं, मग उलटं करून पाहिलं. काहीच दिसेना. “बरं,” एवढंच म्हणाली आणि टाइप करायला लागली. प्रूफ आलं तेव्हा मी कोरी जागा शोधली. तिने ती सोडली नव्हती. सगळं व्यवस्थित जोडून घेतलं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी कॉम्प्युटरपुढे कैलासमामा होते. “ते नागपूरले गेली,” ते म्हणाले. “छापखान्यात काम लागलं. घरी सांगून गेली का लग्न करत नाई म्हनून. कोनाचं आयकत नाई पोरगी.” म्हणजे ती भांडण भांडली होती... एकटीच, हातात एकही पान नसताना. मी फोन केले. तिने उचलले नाहीत. मग मीही करायचे सोडले. तिने रागावणं सोयीचंच होतं मला.

तीन वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात एका वर्तमानपत्राच्या बाईंनी मुलाखत घेतली. शेवटी त्यांनी सहज विचारलं, “झेलमचं पुढे काय झालं? लग्नबिग्न?” आणि मी बोलून गेले. “झेलमचं मंजिरीवर प्रेम होतं. पहिल्या पुस्तकापासून.”

केवढा गाजावाजा झाला! दोन पालकांनी शाळेत पत्र दिलं, मुख्याध्यापिकांनी ते फाइलला लावलं. बाकी सगळ्यांनी कौतुकच केलं. धाडस, धाडस म्हणून फोन वाजत राहिला. बाबांनी पेपर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “चहा निवतो आहे तुझा.” मग दुकान उघडायला गेले. ज्यांच्या भीतीने मी तो कागद फाडला होता, त्यांनी एवढंच केलं. मी त्या चहापुढे बसून रडले, आणि ते आनंदाने नव्हतं.

फेब्रुवारीत आमच्या इथल्या वाचनालयाने सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषण. मी तेच पुन्हा जरा सजवून सांगितलं. टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला.

“कोनत्या पानावर हाय ते?”

पिवळा कुर्ता. केस आखूड केलेले. मनगट रिकामं.

“सातही पुस्तकं मी वाचली हायत,” ती म्हणाली. “अक्षर न् अक्षर. मले नाई सापडलं. पान सांगता का, मॅडम?”

सभागृहात कोणीतरी हसलं. तो ‘मॅडम’ मला जिव्हारी लागला. शेवटी मी म्हणाले, “कोणत्याच पानावर नाही. लिहिलं होतं, मीच खोडलं. तेव्हा घाबरले, आणि आता सांगायला काही लागत नाही म्हणून सांगितलं.” या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. रुचिका खाली बसली.

कार्यक्रमानंतर ती अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी होती. फाटकाबाहेर एक उंच मुलगी स्कूटीवर बसून मोबाइल बघत होती.

“सुरभी,” रुचिकाने सांगितलं. “दीड वर्ष झालं. तिनंच आनलं मले आज. म्हने, एकदा जाऊन भांडून घे.”

“चांगली आहे?”

“तर्री खाते.” ती हसली. मीही हसले.

“रुचिका, मी चुकले. तुला तेव्हा हवं होतं, आणि मी...”

“हो, तेव्हा पाह्यजे होतं,” ती शांतपणे म्हणाली. “आईसमोर उभी होती ना, तवा वाटे, एक पान असतं हाती. राग नाई आता. पन एक गोष्ट मले झोपू देत नाई. त्या काळ्याखाली काय होतं?”

तिने पिशवीतून सातवं पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं. ‘समाप्त’च्या वर कुठल्याही पुस्तकात असते तशी दोन बोटं जागा कोरी होती.

“सांगू नको. लिही.”

मी तिच्या पाठीचा आधार घेऊन लिहायची पूर्वी, टेबल भरलेलं असलं की. आज कडुलिंबाच्या बुंध्यावर पुस्तक ठेवलं. तीन वर्षांत एक शब्द विसरले नव्हते.

‘झेलम म्हणाली, “मंजिरी, चोर पकडायला मी कधीच येत नव्हते गं. तू यायचीस, म्हणून येत होते.”’

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे भरून आले ते तिने पुसले नाहीत.

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

“एवढ्यासाठी कागद फाडला बावळटे?” तिने नाक ओढलं. “अक्षर अजून तसंच गचाळ हाय.”

“माझं तुझ्यावर प्रेम होतं, रुचिका. आहे.”

“माहीत हाय मले. पिवळ्या कुर्त्यापासून.” तिने माझ्या हातातून पेन घेतलं. “नव्या आवृत्तीत छाप हे. उद्या कोनी पोरगी पान विचारन, तिले सांगता आलं पाह्यजे. पन हे पुस्तक आपलं दोघीचं.”

तिने मोबाइलची कड पट्टीसारखी त्या ओळीवर धरली, आणि हलक्या हाताने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक रेघ ओढली. पुस्तक मिटून माझ्या हातावरच्या शालीवर ठेवलं.

“येते, लेखिकाबाई.”

“येजो,” मी तिच्याच बोलीत म्हणाले.

ती फाटकापर्यंत गेली. सुरभीने तिला हेल्मेट दिलं, तिचे आखूड केस आत सारले. स्कूटी वळली तेव्हा रुचिकाने मागे पाहिलं, हात मात्र हलवला नाही.

मी कडुलिंबाखाली उभी राहून शेवटचं पान पुन्हा उघडलं. एकच रेघ होती, सरळ. तिच्याखालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.