अमृतनगरचा आड

“माज्या नवऱ्यानं खून केला न्हाय, साहेब,” हेमावती म्हणाली. “पर त्योच म्हनतोय, माज्या हातनं झालं म्हणून. आता मी काय करू?”

एवढं बोलून ती चादरींच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. दुकान शरणप्पाचं होतं. माडीवर खासगी तपास करणारा रेवणसिद्ध कलशेट्टी राहत असे आणि काम नसलं की खाली येऊन गिऱ्हाइकांपुढे चादरी उलगडत असे. १९७३च्या त्या मे महिन्यात दोघंही माश्याच मारत होते. शरणप्पानं तिला अर्धा पेला पाणी दिलं. दुष्काळाच्या उन्हाळ्यात सोलापूरचा पाहुणचार तेवढाच असे.

हकिकत अशी होती. कुंभारीच्या वाटेवर चनबसप्पा हत्तुरे या बांधकामवाल्यानं अमृतनगर नावाची वसाहत आखली होती. विहिरी आटल्या तसे शहराबाहेरच्या प्लॉटांचे भाव कोसळले. काल ज्या तुकड्यासाठी मारामारी होती, तो आज कुणी फुकट घेईना. त्यात वरून फर्मान आलं, की जागेवर स्वतःचं पाणी दाखवा, मगच बिनशेतीचा शिक्का. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. हत्तुरेनं धुळा पाणाड्याला बोलावलं.

तळहातावर नारळ ठेवून जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या धुळाच्या शब्दावर पंचक्रोशीचा विश्वास होता. नारळ जिथं उभा राहिला तिथं अरुंद आड खोदला आणि म्हणे चार पुरुष खोल पाणी लागलं. सरकारी साहेब बघून गेला, शिक्का बसला. मागावर राबणाऱ्या पद्मशाली कुटुंबांनी आणि विड्या वळणाऱ्या बायकांनी अंगावरचं मोडून प्लॉट घेतले.

आणि रविवारी सकाळी त्याच आडात धुळाचं मुंडासं तरंगताना दिसलं. गळ टाकला तेव्हा खाली धुळा सापडला. राखणदार निंगप्पा, म्हणजे हेमावतीचा नवरा, डोकं धरून खाली बसला आणि म्हणाला, “माज्या हातनं झालं.” फौजदार माळग्यांना आणखी काय हवं होतं?

“जाऊ दे मला फासावर, म्हनतोय,” हेमावती म्हणाली. “दोन पोरी हाईत मला.”

रेवणसिद्धानं चप्पल पायात सरकवली.

कोठडीत निंगप्पा गजाला धरून उभा होता. उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट, एवढ्यावरच. बाकीची तीन बोटं गिरणीच्या यंत्रानं कधीच खाल्ली होती.

“धुळाशी वाकडं होतं का तुझं?”

“द्येवमानूस हुता त्यो,” निंगप्पा म्हणाला आणि हमसून रडला. त्यापुढे त्यानं तोंडच उघडलं नाही.

फौजदारांनी डॉक्टरांचा अभिप्राय ऐकवला. “दोन्ही पाय मोडलेले. छातीत पाणी, म्हणजे बुडून मेला. आधी काठीनं पाय मोडले, मग आत ढकलला. सरळ आहे.”

“फारच सरळ आहे,” रेवणसिद्ध म्हणाला.

रेवणसिद्ध आणि शरणप्पा राजदूत फटफटीवरून अमृतनगरला पोचले तेव्हा ऊन रखरखत होतं. प्लॉटांच्या कोपऱ्यांना चुना लावलेले खुंट होते, मधोमध आड, कडेला राखणदाराची पत्र्याची खोली. बाकी काही नाही. दगडाचा एक ढीगसुद्धा नाही.

रेवणसिद्ध आडात वाकला. “शरणप्पा, हे पाणी चार पुरुष वाटतं तुला?”

“दोन असेल. ऊन किती हाय बघ की.”

“चाकोऱ्या बघ. रस्त्यापासून आडापर्यंत येणारी खोल, परत जाणारी उथळ.”

“बांधकामाचा दगड आणला असेल,” शरणप्पानं सांगून टाकलं. आजूबाजूला पाहण्याचे कष्ट त्यानं घेतले नाहीत. त्याचं नाक खोलीकडे वळलं होतं.

हेमावतीनं आग्रहानं त्यांना भाकरी आणि डाळ वाढली. डाळ लोण्यासारखी शिजली होती. शरणप्पानं तीनदा वाढून घेतली.

“सोडा घातलास?” रेवणसिद्धानं विचारलं.

“न्हाय की. आडाचं पानी लई ग्वाड हाय. एका उकळीत डाळ मऊ हुती.”

“रहाट रिकामा दिसतोय. दोर कुठं आहे?”

“रविवारपासनं न्हाय. शेजाऱ्याच्या सुतळीनं शेंदतोय आमी.”

बांधापलीकडे भिमाचं शेत होतं. भिमा तोंडाचा फटकळ.

“माजी हीर आटली ती त्या आडापायी! शनवारी धुळा हितं आला तवा तोंडावर म्हणलं, तुजं तंगडंच मोडतो.”

शरणप्पानं रेवणसिद्धाला कोपरानं ढोसलं. पण रेवणसिद्ध भिमाच्या बायकोकडे, केराबाईकडे वळला होता. त्यानं प्यायला पाणी मागितलं. तळाचा गढूळ गाळ, त्यातून शेंदलेला तांब्या. घोट घेताच त्याचं तोंड वाकडं झालं.

“मचूळ हाय,” केराबाई म्हणाली. “पयल्यापासनं असंच. सांजंला घातलेली डाळ सकाळपातुर टणक. धुळाबी असाच थुकला. मग गप झाला, अन् तरातरा आडाकडं गेला.”

“एकटाच?”

“व्हय. दिवस बुडायच्या येळंला.”

चनबसप्पा हत्तुरेच्या कचेरीत भिंतीवर अमृतनगरचा रंगीत नकाशा होता. त्यावर बाग, शाळा, कारंजंसुद्धा. हत्तुरेनं पानाचं तबक डाव्या हातानं पुढे केलं. उजव्या तळव्याला रुमाल गुंडाळलेला होता.

“आरतीत कापूर हातावर पडला,” तो म्हणाला. “शनिवारी मी कुर्डुवाडीला होतो, रविवारी दुपारी आलो. आणि धुळा मेला तर नुकसान माझंच की! त्याच्या नावावर तर प्लॉट जातात.”

“खरं आहे,” रेवणसिद्ध म्हणाला. “भाव कसे आहेत सध्या?”

हत्तुरेचा चेहरा एकदम उतरला. “भाव? बाजारात धूळ उडतेय. अमृतनगर चाललं तर मी आहे, नाहीतर नाही.”

त्या माणसाची रेवणसिद्धाला क्षणभर कीव आली.

बाहेर आल्यावर शरणप्पा म्हणाला, “भिमाच आहे. पाय मोडतो म्हणाला होता.”

“चार दिवस थांब. आडावर एक शिपाई बसवू, आणि कुणालाही जवळ फिरकू द्यायचं नाही.”

चार दिवसांनी फौजदार बेड्या घातलेल्या निंगप्पाला घेऊन अमृतनगरला आले. भिमा आला, हत्तुरेला आणलं गेलं. न बोलावता प्लॉटवालेही जमले.

रेवणसिद्धानं पोहरा आडात सोडला. बराच वेळ तो खालीच जात राहिला. मग खडकावर आपटल्याचा आवाज आला.

गर्दीतून एक बाई किंचाळली. “पानी कुटं गेलं?”

“गेलं नाही, बाई. ते कधी नव्हतंच,” रेवणसिद्ध म्हणाला. “एका बांधाच्या अल्याड डाळ एका उकळीत शिजते आणि पल्याड रात्रभर शिजत नाही. एकाच खडकातलं पाणी असं वागेल? हेमावतीच्या चुलीवरचं पाणी या जमिनीतलं नव्हतं. ते टँकरनं आलेलं होतं. भरलेला टँकर आत येताना जमीन दाबतो, रिकामा परत जाताना नाही. दगड आणला असता तर तो दिसला असता.”

“टँकर? या दिवसांत?” फौजदार म्हणाले.

“दुष्काळी कामावरचा. कुंभारीच्या लोकांच्या तोंडचं पाणी इथं ओतलं जात होतं, रविवारी येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. आठवडाभरात ते खडकात जिरे, की पुढच्या शनिवारी पुन्हा भरत. आता पाय. चार पुरुष पाण्यात पडलेल्याचे दोन्ही पाय मोडतील का? काठीनं मोडले म्हणता, पण मारणारा डोकं सोडून दोन्ही पायच कशाला मोडेल? धुळा पायांवर पडला. कोरड्या आडात.”

रेवणसिद्ध आडाच्या काठावरून लोकांकडे वळला.

“भिमाचं पाणी तोंडात घेतलं आणि पाणाड्याला जे कळायचं ते कळलं. लोकांनी त्याच्या नारळावर घरं उभारायला घेतली होती. आत झरा आहे का, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. शिपायानं आज सकाळी तळातून हा दोर काढलाय.” त्यानं दोर उंचावला. “एका टोकाला बसायचा फास, दुसरं टोक मोकळं. तुटलेलं नाही, कापलेलं नाही, गाठीची खूणही नाही. म्हणजे रहाटावरून घेतलेला हा दोर वर कुणीतरी हातात धरला होता. आणि सोडला.”

“भिमानं!” शरणप्पा म्हणाला.

“पाय मोडीन म्हणणाऱ्याच्या हाती कुणी दोर देतं का? आणि दोन बोटांच्या निंगप्पाच्या हाती तर मूलही देणार नाही. आड ज्याचा, तोच त्याला म्हणाला असेल, उतर, झरा दाखवतो. हत्तुरे, रुमाल सोडा. कापूर तळव्याच्या मधोमध भाजतो. पळणारा दोर आडवा भाजतो, बोटांच्या पेरांसकट.”

हत्तुरेनं रुमाल सोडला नाही. फौजदारांनी सोडला. तळव्यावर आडवा, सोललेला पट्टा होता.

“मी काय करायला हवं होतं?” हत्तुरे ओरडला. “भाव कोसळले! सरकार म्हणालं पाणी दाखवा, मी दाखवलं! तो खालून ओरडायला लागला, झरा न्हाय, झरा न्हाय, सगळ्यांना सांगतो. माझ्या बायकोचं मंगळसूत्रसुद्धा या मातीत गेलंय हो!”

त्याला गाडीकडे नेलं. त्याच्यामागे एक म्हातारा विणकर धावला. “आमच्या प्लॉटचं काय?” फौजदारांनी त्याच्याकडे पाहिलं आणि गाडीचं दार लावून घेतलं.

बेड्या निघाल्या तरी निंगप्पा जागचा हलला नाही. मग हळूहळू बोलला. दर शनिवारी हत्तुरेमालक हेमावतीला आणि पोरींना गावात झोपायला पाठवी, आणि त्या रात्री टँकर आणायला त्यानं निंगप्पाला सडकेवर पाठवलं होतं. परत आला तेव्हा अंधार पडला होता. मालक म्हणाला, पाईप आत सोड. इंजिनच्या आवाजात खालून काहीतरी ऐकू आलं. मालक म्हणाला, पारवे असतील, आडात घरटी करतात.

“टँकरची चावी मी फिरवली,” निंगप्पा म्हणाला. “साहेब, तवा त्यो जित्ता हुता का?”

रेवणसिद्ध कलशेट्टीनं आजवर गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नव्हतं, आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता. तो हातातला दोर गुंडाळू लागला. छातीत पाणी होतं, हे शरणप्पालाही आठवलं. 

हेमावतीनं नवऱ्याचा दोन बोटांचा हात हातात घेतला. रेवणसिद्धाकडे तिनं एकदाच पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

“न्हवता,” ती म्हणाली. “साहेबांनी मगाशीच सांगितलं मला. पडला तवाच गेला त्यो. चल घरी, पोरी वाट बघत्यात.”