कानातली गाळणी

संध्याकाळचे सहा वाजले आणि रेवू रडू लागली. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, तोंड लालबुंद. केतकीच्या मांडीवर ती अडीच महिन्यांची पोर जिवाच्या आकांताने रडत होती आणि केतकीला मात्र कुकरची शिट्टी आणि गल्लीतल्या भाजीवाल्याची आरोळी एवढंच ऐकू येत होतं. तिनं एका हातानं लेकीची पाठ थोपटली आणि दुसऱ्या हातानं समोरच्या संगणकाच्या पडद्यावर साडीच्या काठाची नक्षी पुढे सरकवली. सकाळपर्यंत ती कारखान्याला पाठवायची होती.

तिच्या दोन्ही कानांत हरभऱ्याएवढी एकेक गाळणी होती. आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्यासमोर बरोबर उलट्या आकाराची लाट सोडली की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. ही युक्ती जुनीच. नवं होतं ते एवढंच, की ही गाळणी एकाच बाळाचं रडणं ओळखून तेवढंच पुसायची. रेवूच्या झबल्यावर लावलेली टिकली तिचा श्वास, नाडी आणि रडण्याची पट्टी तपासत असायची. भूक लागली तर केतकीच्या कानात मंद किणकिण व्हायची, आजार वाटला तर गाळणी तिला नावानं हाक मारायची. बाकीचं, म्हणजे रोज संध्याकाळी तीन तीन तास चालणारं पोटशुळाचं रडणं, गाळलं जायचं.

ऐकणाऱ्याला हे निर्दयपणाचं वाटेल. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. गाळणी येण्याआधीचा महिना केतकीनं ओव्याचा शेक, बेंबीभोवती हिंगाचा लेप, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या, सगळं करून पाहिलं होतं. नवरा तुषार कोल्हापूरला कारखान्यात दुसऱ्या पाळीला, म्हणजे संध्याकाळी घरी नाहीच. डॉक्टर उर्मिला बहिरट सांगायच्या, "हिला काही आजार नाही. चौथ्या महिन्यात आपोआप थांबेल. तुमचं काही चुकत नाहीये." चुकत नव्हतं, तरी तिच्या नाकी नऊ आले होते. एका संध्याकाळी तिनं रेवूला पलंगावर ठेवलं नाही, टाकलं. गादी मऊ होती, पोरीला काही झालं नाही. पण केतकीला स्वतःच्या हातांची भीती वाटली. त्याच दिवशी तिनं चौंडेश्वरीला नवस बोलला, की हिचं रडणं थांबव, खणानारळानं तुझी ओटी भरीन. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी गाळणी दिली.

देवी लवकर पावली, असं तिला वाटलं. ती जेवू लागली, झोपू लागली, लेकीला न घाबरता उचलू लागली. संध्याकाळपुरती दिलेली गाळणी हळूहळू दिवसभर कानात राहू लागली. सासरे आप्पा एकदा गमतीनं म्हणाले, "रडल्याबिगर आईसुद्धा दूध पाजत न्हाई म्हणत्यात. हितं तर रडायच्या आदीच बाटली हजर."

आप्पांना गाळणीची गरज नव्हती. इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर म्हणून काम केलं, बिघडलेले माग दुरुस्त केले आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. श्रवणयंत्र आणलं तर त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं. मागाच्या शेडमध्ये कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू जात नसे. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत, भुवयांनी विचारत, हातांनी उत्तर देत. आप्पा घरातही तसेच बोलत.

त्या संध्याकाळीही त्यांनी रेवूला मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडासमोर तोंड नेलं. तिनं ओठ वाकडा केला, त्यांनीही केला. तिनं आ वासला, त्यांनीही आवाज न काढता आ वासला, कपाळाला आठ्या घातल्या, "अस्सं होतंय होय?" अशी मान हलवली. केतकीला हसू आलं. दोन मुकी माणसं तावातावानं भांडताहेत असंच दिसत होतं. ती पुन्हा नक्षीकडे वळली.

डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच चौथ्या महिन्यात झालं. संध्याकाळ शांत गेली, दुसरी गेली, आठवडा गेला. केतकीनं गाळणी काढून खणात टाकली. गरज सरो, वैद्य मरो. आता आप्पा रेवूला घेत ते चौकात फिरवायला, घरात ती केतकीजवळच असे. तरीही घर शांतच राहिलं आणि केतकी जो भेटेल त्याला सांगू लागली, की आमची रेवू किती गुणी आहे.

त्याच महिन्यात लस होती. आप्पा दवाखान्याबाहेर बाकावर बसले, केतकी रेवूला घेऊन आत गेली. डॉक्टरांनी मांडीत सुई टोचली. रेवूचा चेहरा लाल झाला, खालचा ओठ थरथरला. तिनं एकदा आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग मान फिरवून ती भिंतीकडे बघू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता.

"शूर आहे," केतकी म्हणाली.

डॉक्टर हसल्या नाहीत. "घरी कुणाजवळ रडते ही?"

"कुणाजवळच नाही. रडणं थांबलंय आता."

डॉक्टरांनी दार उघडून आप्पांना आत बोलावलं. ते दिसताच रेवूनं दोन्ही हात ताणले आणि मोठ्यानं हंबरडा फोडला.

केतकी दचकली. तो आवाज तिला ओळखीचा वाटला नाही. आपल्या लेकीचं रडणं जाडसर आणि जरा घोगरं आहे, हे तिला दोन महिन्यांनी कळत होतं. आप्पांनी नातीला घेतलं, तोंड वाकडं केलं, मान हलवली आणि ती त्यांना सगळं सांगत राहिली.

"या महिन्यातलं हे सहावं बाळ," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "गाळणीत बिघाड नाही. आई दचकत नाही, चेहरा हलत नाही, हे बाळ रोज बघतं. शेवटी इथे सांगून उपयोग नाही, असं ठरवतं."

"मी तिला खाली ठेवलं नव्हतं, डॉक्टर. सारखी मांडीवर होती."

"माहीत आहे. आणि गाळणी दिली मी. आम्ही आईची झोप मोजली, रक्तदाब मोजला. बाळाचं काय मोजायचं ते आम्हाला सुचलंच नाही."

"पुन्हा रडेल का माझ्याजवळ?"

"खरं सांगू? कुणालाच माहीत नाही अजून."

रिक्षात केतकी आप्पांकडे तोंड करून, शब्द नीट दिसतील असं म्हणाली, "आप्पा, तुम्हाला तर ऐकूच येत नव्हतं."

"म्हणून तर बघत बसायचो, पोरी," आप्पा म्हणाले. केतकी रडू लागली. त्यांनी तिच्याही तोंडाकडे नीट पाहिलं आणि रिक्षा दारात येईपर्यंत तसेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला आप्पा मुद्दाम एकटेच चपला घालून चौकात गेले. जाताना त्यांनी विचारलं, "नवस फेडायला कवा जायचं? देवीचं ऱ्हाऊन गेलंय."

केतकीनं संगणकाचा पडदा बंद केला, रेवूला मांडीवर समोर घेतलं. दुधाची वेळ होत आली होती, पण तिनं बाटली भरली नाही. रेवूनं मुठी आवळल्या, खालचा ओठ बाहेर आला. केतकीनंही ओठ बाहेर काढला. तिला ते नीट जमलं नाही. रेवूनं मान वळवून आप्पा गेले त्या दाराकडे पाहिलं. मग सावकाश पुन्हा आईकडे पाहिलं आणि भुवया गोळा केल्या.

केतकीनं श्वास रोखला. जे थांबावं म्हणून देवीपुढे पदर पसरला होता, तेच आता ती मागत होती. बोललेला नवस मागे घेता येतो का?